कोन आहे फाइलमधी?

निंबार्तेबाबू कार्यालयात शिंकले की तलावावरचे बगळे उडायचे. तलाव कार्यालयापासून दीड किलोमीटर आहे. मी फेकतोय असं वाटत असेल तर अड्याळच्या बाजारात कोणालाही विचारा. ते सांगतील, दीड कुठला, चांगले दोन आहेत.

हा आवाज त्यांना नोकरीतून मिळाला होता. बाबू होण्याआधी ते तलावाचे पाणकर होते, म्हणजे धानाला पाणी सोडणारे. तलावाचं पाणी ज्या दारातून सुटतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्या तुडमावर उभं राहून शेवटच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, शेतकऱ्याला ‘पानी आलं का’ विचारायचं, आणि त्याचं ‘नाही’ ऐकून पुन्हा ओरडायचं, हे त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. मग गुडघे गेले. संस्थेने त्यांना उचलून कॉम्प्युटरपुढे बसवलं. गुडघ्याचा माणूस बोटाच्या कामाला लागला, पण आवाज तुडमाचाच राहिला.

आमची पाणी वापर संस्था म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि अकराशे नावांची एक फाइल. कोणत्या शेतकऱ्याची पाळी किती वाजता लागते, किती वाजता सुटते, हे सगळं त्या एका फाइलमध्ये. फाइल राहायची निंबार्तेबाबूंच्या कॉम्प्युटरवर, आणि शालूताई व मी आपापल्या टेबलावरून वायरीने तिच्यात शिरायचो. शालूताई पलीकडच्या खोलीत, मी दाराशी. त्या फाइलमधून पाळीपत्रक छापून निघायचं, आणि त्यात नाव नसलेल्या माणसाच्या बांधीत पाणकर थेंब सोडत नसे, मग तो खुद्द पाणकराचा सासरा का असेना. एका वर्षी तो खरोखरच सासरा होता. तो किस्सा वेगळा.

निंबार्तेबाबू एका बोटाने टाइप करायचे, तेही धान कांडल्यासारखं. ‘एंटर’ दाबला की टेबलावरचा चहा बशीत यायचा. म्हणून ते चहा मुळातच बशीत घ्यायचे. खिशाला चार पेन, चारही कोरडे. आणि फाइलची जादा कॉपी ते दर बाजाराच्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन तंबाखूच्या डबीत ठेवायचे. पाकिटमार पाकीट मारते, डबी कोन मारते, असं त्यांचं म्हणणं. त्या कॉपीला इतका तंबाखूचा वास होता की ती उघडली की शालूताईंना शिंका यायच्या. मलाही दोनदा गरगरलं.

पहिल्याच महिन्यात आम्ही तिघं एकदम फाइलमध्ये शिरलो आणि फाइल जाम झाली. नागपूरच्या प्रोग्रामवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, काळजी नको, प्रोग्रामला आतून कुलूप असतं.”

“दिसते का?”

“दिसत नाही, पण असतं.”

“दिसत नाही तं चोराले कसं समजंल जी, का कुलूप आहे म्हनून?”

फोन ठेवला, खांद्यावरचा लाल दुपट्टा काढला आणि टेबलावर आपटला. “हे पाहा. तलावावर आपन का करतो? ज्याची पाळी, त्याच्या मोरीवर काठी, अन् काठीले लाल फडका. फडका दिसला का दुसरा मानूस पाटाले हात लावत नाही. इथंबी तसंच. ज्याच्या खांद्यावर दुपट्टा, त्याची फाइल. बाकीच्याहीनं हात मांडीवर ठेवाचे.”

त्या दिवसापासून आमच्या कार्यालयात कुलूप आलं. दुपट्टा या खोलीतून त्या खोलीत जायचा, आणि तो घेण्याआधी निंबार्तेबाबू उगाचच, दोन्ही खोल्यांत मिळून तीनच माणसं असताना, तुडमाच्या आवाजात विचारायचे, “कोन आहे फाइलमधी? निंगा बाहेर, मी उतरून राहिलो.” बाहेर झाडाखाली बसलेली माणसंसुद्धा उठून उभी राहायची.

हा नियम साहेबालाही लागू होता. एकदा वरच्या कार्यालयातले एक साहेब तपासणीला आले. म्हणाले, फाइल दाखवा. निंबार्तेबाबू हात जोडून म्हणाले, “साहेब, दुपट्टा शालूबाईकडे आहे, अन् शालूबाई डबा खाऊन राहिली.”

“मग?”

“मंग का, तिचा डबा झाला का देते.”

साहेब बसले. आत शालूताईंच्या घशात भाकरी अडकली, त्या घाईने उठायला लागल्या, तर निंबार्तेबाबूंनी भिंतीपलीकडून सांगितलं, “सावकास जेव माय, साहेब बसून आहेत.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि शेवटी विचारलं, “आणि मंत्री आले असते तर?”

“त्याहीलेबी दुपट्टाच देलो असतो जी. पन एकच आहे.”

हे ‘एकच आहे’ लक्षात असू द्या. पुढे माझी मान त्यातच अडकते.

प्रोग्रामवाला नंतर स्वतः आला तेव्हाही एक जंगी सामना झाला. निंबार्तेबाबूंची मागणी अशी की प्रत्येक शेतकऱ्याच्या फॉर्मात त्याच्या शेजाऱ्यांची नावं आणि गट नंबर पाहिजेत. उगवतीचा कोण, मावळतीचा कोण, वरची बांधी कोणाची, खालची कोणाची. पोरगा हुशार होता, कान टोचलेला होता. तो म्हणाला, “काका, शेजाऱ्याची माहिती शेजाऱ्याच्या फॉर्ममध्ये आहेच. तीच पुन्हा कशाला? एकच गोष्ट दोनदा लिहिणं आमच्यात पाप आहे.”

“लगन झालं का तुमचं?”

“नाही.”

“होईल तवा समजंल. तुमच्या फारमात बायकोचं नाव राहते अन् बायकोच्या फारमात तुमचं. एखांदा फारम भिजला तं दुसऱ्यातून पाहता येते, का आपलं लगन कोनासंग झालं होतं.” मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्यांच्या मानाने कुजबुजत, म्हणजे चौकात ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, “मानूस आपल्याच फारमात नाही राहत जी. शेजाऱ्याच्या फारमातबी राहते.”

पोराने कपाळाला हात लावला आणि चार रकाने वाढवून दिले. जाताना मला म्हणाला, “हे रकाने कधीच कामाला येणार नाहीत.” मीही मान डोलावली. माझी मान त्या काळात फार डोलायची.

आता पार्बताबाई. तलावाखालच्या शेवटच्या मोरीवर, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडावर, तिच्या दोन बांध्या. नवरा गेल्यावर त्या बांध्यांची पाळी दिराच्या, मोतीरामच्या नावावर गेली. मोतीराम वरच्या बांधीचा. आधी आपलं भरायचा, मग मेडीच्या खांबाला टेकून बिडी ओढायचा, मग आठवण आली तर वहिनीकडे पाणी सोडायचा. आठवण येईपर्यंत त्याची पाळी सुटलेली असायची. तीन वर्षं तिचं धान अर्धं पोटरीतच, लोंबी बाहेर येण्याआधीच वाळलं. ती संस्थेत येऊन बसायची, अर्जावर अर्ज द्यायची. शेवटी सभेत ठराव झाला आणि त्या ऑक्टोबरात तिची पाळी वेगळी झाली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शालूताईंनी चारशे बारा नंबरला तिचं नाव घातलं. निंबार्तेबाबूंनी मागे उभं राहून चारही शेजाऱ्यांच्या फॉर्मातही तिचं नाव घालून घेतलं, आणि मोतीरामची सुटायची वेळ अलीकडे आणून घेतली.

पार्बताबाई तेव्हा म्हणाली, “बाबूजी, यंदा मी पान्यासाठी कोनाले हात नाही जोडनार.”

“मलेबी नको जोडू. पाळीपत्रक पाहून घेजो, तुयं नाव राहीन.”

धान निसवून राहिलं होतं. तलावात पाणी एका पाळीपुरतं उरलेलं. ती शेवटची पाळी उद्या सकाळी सहाला सुरू होणार, आणि पाणकर आज संध्याकाळी पाचला छापील पत्रक न्यायला येणार. असा तो दिवस.

त्या दिवशी दुपारी एक वाजता पार्बताबाईने नवा मोबाइल नंबर शालूताईंना सांगितला, आणि तिच्या मुलीने तोच नंबर फोन करून मला सांगितला. दोघींनाही वाटलं, एकाने विसरलं तर दुसऱ्याच्या लक्षात राहील. शालूताईंनी दुपट्टा खांद्यावर घेतला आणि चारशे बारा नंबर उघडला.

इकडे माझ्याही खांद्यावर लाल दुपट्टा होता. खरं सांगतो, दगा नव्हता. गेल्या वर्षी मंडईच्या जत्रेत मी तो घेतला होता, हुबेहूब तसाच, मोटरसायकलवर धूळ लागते म्हणून. एका कोपऱ्याला सायलेन्सरला लागून बिल्ल्याएवढं जळकं भोक. एरवी मी तो दारातच काढायचो. त्या दिवशी विसरलो. फोन ठेवला, खांद्याकडे पाहिलं, लाल दिसलं. इतक्या महिन्यांची सवय. खांद्यावर लाल दिसलं की हात आपोआप फाइलमध्ये जायचा. मीही चारशे बारा उघडला. शालूताईंनी तिकडून जतन केलं, मी इकडून जतन केलं, आणि ऑक्टोबरातल्या दुपारी जे नेमकं व्हायचं ते झालं: लाइट गेली.

लाइट आली तेव्हा शालूताईंचा आवाज आला. “बाबूजी, चारशे बारा नंबर चीनमध्ये गेला.”

पार्बताबाईच्या नावाच्या जागी चिनी अक्षरं उगवली होती. गट नंबरात चौकोन, पाळीच्या वेळेत चौकोन. त्या ओळीला हात लावला की फाइल धाडकन बंद. पत्रक छापायला गेलो तर चारशे अकरापर्यंत छापायचं आणि तिथेच मरायचं.

निंबार्तेबाबूंनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग विचारलं, “कोन होतं फाइलमधी?”

“मी होती,” शालूताई म्हणाल्या. “हा पाहा दुपट्टा.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होतो. माझा दुपट्टा तोवर दाराबाहेर मोटरसायकलच्या पिशवीच्या तळाशी पोचला होता. मी म्हणालो, “लाइटनं झालं जी. लाइट लय बेक्कार.” निंबार्तेबाबू नुसता चष्मा पुसत राहिले. बगळ्यांना तेवढा वेळ शांतता मिळाली.

बातमी गावात पोचायला एरवी तासभर लागतो. मोतीराम वीस मिनिटांत पिशवीभर सीताफळं घेऊन हजर. मागोमाग पार्बताबाई आली आणि उंबऱ्याशी बसली.

मोतीरामची भाषा सीताफळापेक्षा गोड. “बाबूजी, कायले तकलीफ घेता? तुमच्या डबीत जुनी कापी आहे ना? तेच लावून टाका. पाच दिवसाआधीची आहे, का फरक पडते? पानी तं वहिनीच्याच बांधीत जानार. माझ्या हातून गेलं तं का झालं?”

पार्बताबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, “तुमच्या हातून तीन वर्सं गेलं भाऊजी. माझ्या धानाले अजून पोचलं नाही.”

आता मला लाज वाटायला हवी होती. पण भीती लाजेपेक्षा आधी बोलते. मी म्हणालो, “बाबूजी, जुनीच लावू. पाच मिनिटांचं काम आहे. ठराव सभेच्या रजिस्टरात आहे, रजिस्टर सचिवाच्या कपाटात, चावी सचिवाच्या खिशात, अन् सचिव नागपूरले साडूच्या वास्तूले गेले. फोन बंद. या बाईचा गट नंबर, वेळ, आनाचं कुठून?”

निंबार्तेबाबूंनी डबी उघडली, पेनड्राइव्ह बाजूला सारून चिमूटभर तंबाखू घेतली आणि डबी बंद केली.

“जुन्या फाइलीत ही बाई नाही. नाही त्या मानसाले पाणकर पानी कसा देईल?”

मग ते उठले. “निंगा सबन फाइलीतून बाहेर.” शालूताईंच्या खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि पार्बताबाईच्या खांद्यावर टाकला. “पाळी हिची आहे, तं दुपट्टा हिच्याकडे. बस माय खुर्चीवर.” ती बसली. कॉम्प्युटरला पाठ लागू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसली.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते नागपूरच्या पोराने पाहिलं असतं तर कानातली बाळी काढून बाबूंच्या पायावर ठेवली असती. आधी त्यांनी आहे तशा बिघडलेल्या फाइलची नक्कल केली. “मेलेल्या जनावराले आधी बाजूले ठेवाचं, मंग कातडं काढाचं.” मग शालूताईंकडून तशाच रकान्यांचा नवा, रिकामा तक्ता करून घेतला. मग जुन्यातली पहिली चारशे अकरा नावं एका घासात नव्यात आणली. मग चारशे तेरापासून शेवटपर्यंतची दुसऱ्या घासात. मधली चिनी ओळ तिथेच राहिली. “बांध फुटला तं भोकात हात घालाचा नाही. इकडून माती, तिकडून माती. भोक आपोआप मंधात राहते.”

भोक राहिलं, म्हणजे नव्या तक्त्यात चारशे बारा नंबरला कोणीच नव्हतं. पाच वाजायला दीड तास होता. मोतीराम सीताफळ सोलून खात होता.

“मोतीरामजी,” निंबार्तेबाबू म्हणाले, “इकडे या जरा. डोळे खराब झाले माझे. तुमचा फारम उघडला आहे, वाचून देता का?”

स्वतःचा फॉर्म म्हटल्यावर मोतीराम ऐटीत आला. वाचू लागला. नाव. गट नंबर. मोरी शेवटची. पाळी लागते आठ वाजता.

“सुटते?”

“साडेअकराले.” ही वेळ त्याला न पाहताच पाठ होती, चार दिवस त्याने तिलाच शिव्या दिल्या होत्या.

“बरं. खालची बांधी कोनाची?”

मोतीराम थांबला. सीताफळाची बी गालात या बाजूची त्या बाजूला गेली.

“लिहून आहे ना जी? वाचा.”

“पार्बताबाई,” मोतीराम म्हणाला.

“ऐकू नाही आलं.” ज्या माणसाला शेवटच्या बांधीतलं ‘नाही’ ऐकू यायचं, त्याला टेबलापलीकडचं ऐकू आलं नाही.

“पार्बताबाई,” मोतीराम मोठ्याने म्हणाला. आणि मग, सांगावं लागलं म्हणून, तिचा गट नंबरही वाचला. निंबार्तेबाबूंचं बोट कांडत राहिलं. चहा बशीतून टेबलावर आला.

मग शालूताईंनी तिच्या खालच्या शेजाऱ्याचा फॉर्म उघडला. त्यात ‘वरची बांधी: पार्बताबाई’, तोच गट नंबर. त्याची पाळी लागते सव्वा दोनला.

निंबार्तेबाबू खुर्चीत मागे टेकले आणि सगळ्या खोलीला विचारलं, “वरच्याची सुटते साडेअकराले. खालच्याची लागते सव्वादोनले. मंधातलं पानी कोनाचं?”

मग पार्बताबाई, दुपट्ट्याचं टोक मुठीत धरून, म्हणाली, “माझं.”

“लिव शालू. पावनेतीन तास.”

पाचला पाणकर आला तेव्हा पत्रक छापून गरम होतं. पार्बताबाईने चारशे बाराव्या ओळीवर बोट ठेवून पाहिलं. वाचता येत होतं तरी पाहिलं. दुपट्टा काढून शालूताईंना दिला. मोतीराम सीताफळं विसरून गेला. निंबार्तेबाबूंनी ती आम्हा तिघांत वाटली आणि बिया मोजून परत पाठवू का, असं मला विचारलं.

मी बाहेर येऊन मोटरसायकलच्या पिशवीत हात घातला तर माझा दुपट्टा नव्हता. बकरीने नेला असेल, वाऱ्याने नेला असेल. मी शोधला नाही. पुरावा स्वतःहून पळाला तर त्याच्या मागे धावण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्यात निंबार्तेबाबू निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते एकच वाक्य बोलले, “दुपट्टा एकच ठेवजा,” आणि बसले. ते लेकीकडे गोंदियाला राहायला जाणार असं ठरलं. निवृत्तीनंतरच्या ऑक्टोबरात, ते जाण्याआधी, एका पाळीच्या दिवशी मी तलावाच्या पारीवरून, म्हणजे मोठ्या बांधावरून, जात होतो. बाराचा सुमार. शेवटच्या मोरीवर काठी रोवलेली, काठीला लाल दुपट्टा. खाली पार्बताबाई पोटरीभर पाण्यात, फावड्याने बांधाचं तोंड मोठं करत होती. धान तिच्या कमरेला लागलेलं. पाटाच्या कडेला, विजार गुडघ्यापर्यंत वर करून, पाय पाण्यात सोडून निंबार्तेबाबू बसले होते.

मी गाडी थांबवली. वारा आला, दुपट्टा उलगडला. कोपऱ्यात बिल्ल्याएवढं जळकं भोक होतं.

मी भोकाकडे पाहिलं. निंबार्तेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं.

“काठीवर बरा दिसते ना?” ते म्हणाले.

मी गाडीला किक मारली, पारीवरून निघालो, बराच लांब गेलो. म्हटलं सुटलो. तेवढ्यात मागून तो आवाज आला. तलावावरचे झाडून सगळे बगळे उठले.

“कोन होतं फाइलमधी?”

मी गाडी बंद केली. मागे वळून पाहिलं तर ते एवढेसे दिसत होते, लाल ठिपक्याच्या बाजूला एक पांढरा ठिपका. छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून मी ओरडलो, “मी होतो, बाबूजी.”

पांढऱ्या ठिपक्याने हात वर केला. “मले माहीत आहे बे,” तो म्हणाला. “जाय आता, पत्रक छापाचं आहे.”